गिरधरभाऊंचं तिसरं माप

गिरधर सुकदेव माळी आमच्या तालुक्याच्या मोजणी कार्यालयात भूकरमापक होते. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांची शेतं आणि घरं मोजली. मी तिथेच छाननी लिपिक. ते मोजून आणायचे, मी त्यांचं टिपण नकाशाशी ताडून बघायचो आणि खाली ‘तपासले’ लिहून सही करायचो. टिपण म्हणजे जागेवर बसून पेन्सिलीने उतरवलेली मापं. त्यांचं अक्षर मला माझ्या मुलाच्या अक्षरापेक्षा जास्त ओळखीचं आहे.

शेवटच्या काही वर्षांत ते फार थकले होते. उजवा गुडघा गेला होता, टेबलावर वाकून वाकून मान आखडली होती. असोद्याहून मोटारसायकलवर यायचे आणि उतरल्यावर थोडा वेळ गाडीला धरूनच उभे राहायचे. मोजणीला गेले की गावात कोणाचा चहा घ्यायचे नाहीत. एकाचा घेतला की दुसरा म्हणतो, मोजणीवाला फिरला. बत्तीस वर्षं स्वतःच्या बाटलीतलं कोमट पाणी पिऊन त्यांनी लोकांची भांडणं ऐकली. दोन्ही बाजूंचं समाधान झालं अशी एकही मोजणी त्यांना आठवत नव्हती.

शेत मोजणं सोपं, घर मोजणं कठीण, असं ते म्हणायचे. घराचा कोपरा म्हणजे एक ठिपका, असं आपल्याला वाटतं. तो जागेवर कधी सापडत नाही. जोत्याचा दगड चार बोटं बाहेर असतो, भिंत त्याच्या आत असते, भिंतीवर प्लास्टर, वर पत्र्याची पागोळी. मातीची भिंत खाली दोन फूट रुंद आणि वर दीड. गिरधरभाऊ जोत्याच्या वर गुडघ्याएवढ्या उंचीवर माप घ्यायचे, गरज पडली तर प्लास्टर खरवडून वीट बघायचे. दोन पक्क्या जागांवरून टेप लावला की कोपऱ्याची जागा ठरते. पण ते तिसऱ्या जागेवरून तिसरं माप घ्यायचे. पहिल्या दोनांत चूक असेल तर ती तिसऱ्याने उघडी पडते. नव्या पोरांना ते एवढंच शिकवायचे, की तिसरं माप घेतल्याशिवाय कोपरा लिहू नका.

आता जे सांगतो त्या गावाचं नाव घेत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

२००६ च्या मे महिन्यात गिरधरभाऊ त्या गावात एक हद्द कायम करायला गेले. एका बाजूला लखीचंद ललवाणी यांची मोकळी जागा होती. ते किराणा-धान्याचे व्यापारी, त्यांना तिथे गोदाम बांधायचं होतं. दुसऱ्या बाजूला वना आणि भिकुबाई या नवरा-बायकोचं घर. घराच्या मागे वनाने स्वतः दोरी लावून विटांची मोरी बांधली होती. मोरीची भिंत आपल्या जागेत आली आहे असा लखीचंदशेठना संशय होता. मोजणी झाली आणि संशय खरा निघाला. भिंत नऊ इंच पुढे होती. गिरधरभाऊंनी चुन्याची रेघ मारली, पंचांच्या सह्या घेतल्या. टिपण माझ्याकडे आलं, मी ‘तपासले’ लिहिलं. पंधरा दिवसांत मोरी पाडली आणि चुन्याच्या रेघेवर गोदामाची भिंत उभी राहिली.

पुढची सतरा वर्षं आम्हाला त्या घराची आठवणही झाली नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत त्या गावाच्या गावठाणाची मोजणी निघाली. ड्रोनने वरून फोटो काढले होते. पण ड्रोनला छपरं दिसतात, भिंती दिसत नाहीत. पत्रा भिंतीच्या दीड फूट बाहेर आला असेल तर नकाशात घर दीड फूट वाढतं. म्हणून प्रत्येक घरापाशी जाऊन भिंती पुन्हा मोजायच्या होत्या. उपग्रहावरून जागा सांगणारी काठी, रोव्हर, आता हाताशी होती, पण तीही भिंतीला चिकटून नीट चालत नाही. थोडं लांब उभं राहायचं आणि तिथून कोपऱ्यापर्यंत टेप लावायचा. गिरधरभाऊंच्या निवृत्तीला दहा महिने राहिले होते. गुडघ्याला पट्टा बांधून ते दिवसाला वीस-वीस घरं करत होते.

गोदामाची भिंत मोजली तेव्हा ती जुन्या नकाशातल्या हद्दीच्या आत, भिकुबाईच्या बाजूला, नऊ इंच आली. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. तिसऱ्या जागेवरून मोजलं. तेवढंच. मग ते भिंतीच्या बुडाशी बसले आणि माती उकरली. जुन्या मोरीच्या कोपऱ्याचा दगड तिथेच होता, अर्धा गोदामाच्या भिंतीखाली आणि अर्धा बाहेर. त्यांनी दगड मोजला. तो हद्दीला लागून, पण पूर्ण वनाच्या जागेत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अभिलेख कक्षातून २००६ चं टिपण मागवलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. त्या कोपऱ्याला दोनच मापं होती. तिसरं नव्हतं. त्यातल्या एका मापापाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मध्ये पऱ्हाटीचा ढीग’. पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. टेप त्या ढिगावरून गेला होता, वर चढून खाली उतरला होता. सरळ अंतर चाळीस फूट, टेपवर नऊ इंच जास्त आले. तेवढी भिंत कागदावर पुढे सरकली.

“त्या दिवशी ती तिसरी मोजणी होती,” ते म्हणाले. “ढीग हलवायला माणसं नव्हती. मला घरी जायचं होतं.”

खाली माझी सही होती. दोन मापं आणि ढिगाची नोंद, दोन्ही मला तेव्हाही दिसली असणार.

मी त्यांना समजावलं. कोणी तक्रार केलेली नाही. वना कधीच गेला, लखीचंदशेठही गेले. नवीन नकाशात आज जिथे भिंत आहे ती दाखवायची आणि पुढे जायचं. चूक कबूल केली तर चौकशी लागेल, निवृत्तीचे कागद अडकतील. खरं सांगायचं तर माझेही अडकले असते. गिरधरभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. वाद घालायची ताकद त्यांच्यात नव्हती, इच्छाही नसावी. टिपणाची प्रत घेऊन ते उठले आणि त्या गावाला गेले.

भिकुबाई आता पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. मोरी पाडल्यावर कित्येक वर्षं त्यांनी गोणपाटाच्या आडोशाला अंघोळ केली होती. पण त्यांना खुपत होतं ते वेगळंच. मोरी पाडली त्या दिवसापासून गल्लीत वनाला जागाचोर म्हणत. तो शब्द ऐकत तो आणखी दोन वर्षं जगला. मी दोरी लावून बांधली होती, असं तो शेवटपर्यंत सांगायचा, आणि लोक हसायचे.

गिरधरभाऊंनी हे सगळं ओट्यावर बसून ऐकलं. मग आपली चूक सांगितली. टेप, ढीग, नऊ इंच. हद्द दुरुस्त होऊ शकते, तुमची जागा तुमच्या नावावर लागेल, असंही सांगितलं.

“माले आते नऊ इंच कसाले, भाऊ?” त्या म्हणाल्या. “मना माणूसनी भिंत खोटी नव्हती, इतलं बठ्ठासमोर सांग.” सगळ्या गावासमोर सांगावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

लखीचंदशेठचा मुलगा पारस आता दुकान बघतो. तो शांत माणूस. त्याने विचारलं एवढंच, की माझ्या वडिलांनी तुमच्याच रेघेवर भिंत बांधली, मग यात आमचा काय दोष? गिरधरभाऊ म्हणाले, काही नाही, दोष माझा. गोदाम मालाने भरलेलं होतं, भिंत पाडायला पारस तयार नव्हता. पण खरी हद्द भिंतीच्या आत, गोदामाच्या बाजूला आहे, असं लिहून द्यायला त्याने हरकत घेतली नाही.

मार्चमधल्या ग्रामसभेत गिरधरभाऊ उभे राहिले. मीही गेलो होतो, मागे बसलो होतो. पाणीपट्टी आणि गटारींची चर्चा संपली, लोक उठायला लागले होते. त्यांनी सगळ्यांना थांबवलं. आवाज बारीक होता, मागच्यांना पुढे यावं लागलं. २००६ ची मोजणी चुकली होती, ती मी केली होती, वनाची मोरी त्याच्या जागेत होती, असं त्यांनी सांगितलं आणि टिपण सरपंचांच्या हातात दिलं. भिकुबाई खाली मान घालून ऐकत होत्या. सभा संपल्यावर त्या सरळ घरी गेल्या.

गिरधरभाऊंनी वरिष्ठांना लेखी अहवाल दिला. आम्हा दोघांनाही नोटिसा आल्या. मला समज देऊन सोडलं, त्यांची चौकशी पाच महिने चालली. नव्या नकाशात हद्दीची रेघ गोदामाच्या भिंतीच्या आत दाखवली. भिंत आहे तिथेच आहे. मी त्यांना विचारलं होतं, आता मोकळं वाटतं का? ते म्हणाले, “नाही. झोप येते, एवढंच.”

मला वाटलं, हे इथे संपलं. पण चौकशी चालू असतानाच त्यांनी आपली जुनी टिपणं मागवायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून एकेक पान बघायचे. दोन मापांवर सोडलेले आणखी अकरा कोपरे निघाले. रजा टाकून, स्वतःच्या गाडीवर ते एकेका गावाला जायला लागले. डिसेंबरपर्यंत चारच झाले, गुडघा पुढे चालेना. उरलेल्या सातांची यादी त्यांनी कार्यालयात दिली. त्यातला एक कोपरा हर्षिता नावाच्या नव्या भूकरमापक मुलीने जाऊन तपासला. बाकीचे तसेच आहेत.

चारांतले तीन बरोबर निघाले. चौथा यावलकडच्या एका गावातला, त्यात पाच इंचांचा फरक होता. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ते बसने तिथे गेले तेव्हा मी सोबत होतो. घराला कुलूप होतं. ओट्यावर केळीची सुकलेली पानं साचली होती. शेजारीण म्हणाली, घरातले सगळे आठ वर्षांपूर्वी सुरतेला गेले, पत्ता कोणाकडे नाही. गिरधरभाऊंनी तरी टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि तिन्ही मापं घेतली. ओट्यावर बसून ती लिहिली, तारीख घातली, खाली सही केली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि आम्ही बसथांब्याकडे निघालो.