न मावळणारं आभाळ

२००४ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. परवा नातीच्या पोहण्याच्या तलावापाशी क्लोरिनचा वास आला आणि त्या साली मुलासोबत पाहिलेलं, लास व्हेगसच्या हॉटेलातलं नकली व्हेनिस आठवलं.

"बाबा, शेकडो वर्षांपूर्वी चीनला गेलेला तो प्रसिद्ध प्रवासी व्हेनिसच्या अशाच गल्ल्यांत वाढला," मुलगा सांगत होता. खाली कालवा, वर निळं आभाळ. पण ढग जागचे हलत नव्हते, कुणाची सावली पडत नव्हती.

"चला बाबा, बाहेर संध्याकाळ होत आली, तुमची दिवेलागण चुकेल. आभाळ नाही, छत रंगवलंय हे."

"जन्मभर आभाळ बघून वेळ सांगितली. मला शिकवू नकोस!" मी म्हणालो.

बाहेर आलो तर काळोख. आमची ही गेल्यापासून तिच्या, प्रवासातही सोबत असलेल्या फोटोपुढची सांजवात पहिल्यांदाच चुकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. जमिनीवर माझी सावली पडली, हे आभाळ खरं असल्याची खात्री पटली, तेव्हाच खोलीत येऊन कालची चुकलेली वात लावली.