बाबांची गाडी, आईचा फाटा

पुण्याला जायचं ठरलं की आमच्या घरात ट्रेन की एसटी यावरून भांडण होतं. काही घरांत नवरा देव मानतो, बायको मानत नाही, तरी संसार होतात, तसा आमच्याकडचाही झाला. बाबा ट्रेनचे, आई एसटीची. पोरांची वाटणी लहानपणीच झाली होती. दादा बाबांबरोबर डब्यात, मी आईबरोबर एसटीत. त्यातही खिडकी आईची, कारण तिला बस लागायची.

बाबा कर्जतचे. बाजारात बी-बियाणांचं दुकान, रुळांच्या पलीकडे भाताची खाचरं. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात, यात आमच्या गावाचा मोठा पराक्रम आहे असं त्यांना मनापासून वाटतं. खरं कारण घाट. चढाला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात आणि ती कर्जतला जोडतात. पण बाबांच्या तोंडून हे वेगळंच ऐकू यायचं. "किती बी मोठी गाडी असूं दे, आमच्या दारात उभी राहते. मागनं आमी ढकलतो तवा वर जाते." यातलं ‘आमी’ ऐकून नवख्या पाहुण्यांना वाटायचं, हे रेल्वेत आहेत. बाबांनी आयुष्यात दुकानाचं शटरसुद्धा एकट्यानं ढकललेलं नाही.

आई खालापूरकडची. कर्जतहून खोपोलीला जाताना खोपोलीच्या अलीकडे एक फाटा लागतो, तिथून आत तिचं माहेर. घाट सुरू झाला की तिच्या नाकाशी लिंबू, गालात आवळासुपारी आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी. लोणावळा येईपर्यंत ती डोळे मिटून बसायची आणि मी तिची पाठ चोळायची. एवढं सगळं करून पुण्यात उतरली की म्हणायची, "एसटीचं बरं असतं. सुटसुटीत."

दोन्ही पक्ष एकाच दिवशी एकाच घरून निघायचे आणि पुण्यात आत्याकडे वेगवेगळे पोचायचे. आधी पोचलेला दारात असा उभा राहायचा जणू काही तिथंच जन्मला आहे. बाबा आधी पोचले की आईला विचारायचे, "आलीस? आमचा दुसरा चहा झाला." आई आधी पोचली की काहीच विचारायची नाही, नुसती घड्याळाकडे बघायची. आत्या दोघांना वेगवेगळं पोहे वाढून कंटाळली होती.

आता, बस लागणारी बाई आयुष्यभर बसच का धरून बसते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बसच्या वाटेवर फाटा होता आणि फाट्यावर मामा.

मामा आईहून धाकटा. तिला ‘बाय’ म्हणतो. ती पुण्याला निघाली की तो फाट्यावर येऊन उभा राहायचा आणि एसटी दिसली की प्रवाशासारखा हात करायचा. बस थांबायची. मामा चढायचा नाही. तो खिडकीखाली यायचा, पिशवी वर करायचा, वाल असायचे, कधी शेवग्याच्या शेंगा, कधी नवे तांदूळ. मग दोघांचं बोलणं व्हायचं.

"कशी हायस गं बाय?"

"बरी हाय. तू कसा हायस?"

"हाय बरा."

"भात?"

"हाय चांगला."

तेवढ्यात कंडक्टरला कळायचं की हा गडी बसणार नाही. "बसायचं नव्हतं तर हात कशाला केलास रं?" असं काहीतरी ऐकू यायचं, घंटी वाजायची, बस निघायची. येताना उलट. आई खिडकीतून बाकरवडी द्यायची, मामा पुन्हा बोलणी खायचा. पुणे मार्गावरच्या कंडक्टरांनी मामाला जितक्या शिव्या घातल्या असतील तितक्या फुकट्या प्रवाशांनाही घातल्या नसतील.

कुणी म्हणेल, कर्जतहून माहेर ते केवढं लांब, जायचं की उठून. आई जायचीही. पण घरी गेलं की मामी असते, मामीच्या सुना असतात, शेजारच्या चौघी डोकावतात, चहा, पोहे, कुंकू, आणि मामा बिचारा ओटीवर पेपर घेऊन बसतो. त्या घरात आई पाहुणी होती. फाट्यावर ती बहीण होती. हे मी तिच्या शेजारच्या सीटवरून वर्षानुवर्षं पाहिलंय, त्यामुळं मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

बाबांना हे सगळं तस्करी वाटायचं. घरात मोबाईल आले तेव्हा त्यांना वाटलं, आता फाट्याचा निकाल लागला. "रोज बोल की फोनवर. फुकट हाय." आई रोज बोलायला लागली. पुण्याला मात्र एसटीनंच जात राहिली.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मामा बांधावरून घसरला. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पावसाळा खाटेवर गेला, नंतर वॉकर आला, मग काठी. आई दोनतीनदा बघून आली. दर वेळी मामीच बोलली, आजार मामाचा असूनही. दिवाळीनंतर दादानं पुण्यात फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत ठरली आणि मामाचा आईला फोन आला. तो म्हणाला, "जाताना नको. सकाळी पाय आखडतो. येताना ये. रविवारी दुपारी मी फाट्यावर येतो. चालत येतो."

आई त्यानंतर चार दिवस गाणी गुणगुणत होती. बाबांनी कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखा चेहरा केला.

जाताना पूजेचं सामान होतं म्हणून सगळे बाबांच्या गाडीनं गेलो. आईनं तक्रार केली नाही, तिचं लक्ष रविवारवर होतं. पण वास्तुशांतीत ती दिवसभर उभी राहिली आणि रविवारी सकाळी तिचा गुडघा चांगलाच सुजला. बाबांना आयतीच संधी मिळाली. दादाच्या नव्या हॉलमध्ये त्यांनी सभाच घेतली. आज रविवार. मुंबईची निम्मी माणसं लोणावळ्याच्या फार्महाउसांवर आणि रिसॉर्टांत निसर्ग बघायला आलेली असणार आणि तीच दुपारी घाटात एकमेकांच्या गाड्यांचे मागचे दिवे बघत बसलेली असणार. त्यात एसटी अडकणार. त्यात हिला बस लागणार. वर हा गुडघा. दादा हो म्हणाला, वहिनी हो म्हणाली. मी नाही म्हणाले, पण एसटी पक्षाचं संख्याबळ आमच्या घरात कधीच नव्हतं.

"आणि फाटा?" आईनं विचारलं.

"कर्जतला उतरून रिक्षानं नेतो तुला फाट्यावर. एसटीच्या आधी पोचवतो. शब्द देतो."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. "बघा हां. तो चालत येणाराय."

मी बाकरवडीची पिशवी घेऊन एसटीनं निघाले. कुणीतरी पक्षाशी इमान राखायला हवं होतं.

बाबांची परतीची एक गाडी ठरलेली होती. आयुष्यभर ते त्याच गाडीनं आले, तिला कर्जतचा थांबा होता, त्यामुळं कुठली थांबते आणि कुठली नाही हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. त्या दिवशी आईच्या गुडघ्यामुळं जिना उतरायला वेळ लागला आणि ती गाडी चुकली. फलाटावर दुसरी उभी होती, मुंबईचीच. बाबांनी आईला तीत बसवलं. कर्जतला थांबते का, असं कर्जतच्या माणसानं दुसऱ्याला विचारायचं म्हणजे काय! शिवाय त्यांचं गणित पक्कं होतं. चढताना इंजिनं लावावी लागतात, तर उतरताना धरून ठेवायला नकोत का? आणि धरलेली सोडायची कुठं? कर्जतलाच.

माझी एसटी घाटात खरोखर अडकली. बाबांचं म्हणणं खरं ठरत होतं आणि मला त्याचा राग येत होता. फाटा आला तेव्हा दुपार कलली होती. फाट्यावर आता एका रिसॉर्टची मोठी कमान आहे, तिच्यावर धबधब्याचं चित्र, आणि कमानीमागं बसथांब्याची शेड दिसेनाशी झाली आहे. म्हणून मामा शेडमध्ये नव्हता. तो कमानीच्या पुढं, रस्त्याच्या कडेला, धुतलेला सदरा घालून काठीवर उभा होता. त्यानं हात केला. काठी उजव्या हातात होती म्हणून डावा केला.

बस थांबली. मामा खिडक्या बघत पुढून मागं आला. मी दिसले, तरी तो माझ्या पलीकडं बघत राहिला.

"बाय कुठाय?"

मी पिशवी उचलली आणि खाली उतरले. कंडक्टरला एवढं आश्चर्य वाटलं की तो ओरडायचं विसरला.

मामाला सगळं सांगितलं. ट्रेन, गुडघा, बाबांचा शब्द. म्हटलं, येतीलच रिक्षानं. मामा शेडमध्ये बाकावर बसला. तेवढ्यात बाबांचा फोन आला. मागं गाडीचा खडखडाट ऐकू येत होता.

"कर्जत गेलं गं," बाबा म्हणाले.

"गेलं म्हणजे?"

"समोरनं गेलं. आपलं दुकान दिसलं. थांबलं नाय."

बाबांच्या बोलण्यात गाडीचा काही दोष नव्हता. कर्जतच थांबलं नव्हतं. गाडी थांबली की लगेच उतरायचं म्हणून ते बॅग घेऊन दारात उभे होते आणि ज्या फलाटाचा त्यांनी जन्मभर मान सांगितला तो त्यांच्या नाकासमोरून भुर्रकन निघून गेला होता. टीसीनं त्यांना कल्याणला उतरायला सांगितलं होतं. मी विचारलं, आई काय म्हणतेय?

"काय म्हणत नाय," बाबा म्हणाले. "तेच तर."

मी मामाला सांगितलं, तेव्हा तो हसायला लागला. काठीवर हनुवटी टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "मागनं आमी ढकलतो," तो म्हणाला. "एवढं ढकललं की कल्याणला गेलं." मलाही हसू आलं, पण मला बाबांचा भयंकर रागही आला होता. इतक्या महिन्यांनी एक माणूस स्वतःच्या पायांनी फाट्यावर आला होता आणि त्याची बहीण तेव्हा कर्जतच्या पुढचं भिवपुरी ओलांडून उलट्या दिशेला चालली होती.

"मामा, घरी जा. मी सोडते तुला. ती उद्या येईल."

"उद्या घरी येल," मामा म्हणाला. "मी बसतो."

आम्ही बसलो. त्यानं बाकरवडी फोडली नाही. "बायनं द्यायची असते," म्हणाला आणि पिशवी माझ्या मांडीवर परत ठेवली. गावाकडं जाणारे दोघेतिघे थांबून विचारून गेले. मामीचा फोन आला, तिला त्यानं सांगितलं, "गाडी लेट हाय."

ऊन उतरलं, रिसॉर्टच्या कमानीवर दिवे लागले, धबधबा निळा झाला. तेव्हा एक रिक्षा येऊन थांबली. आधी बाबा उतरले. ते घरी गेलेच नव्हते. कल्याणहून कर्जतला परत येऊन स्टेशनवरूनच रिक्षा केली होती. त्यांनी आईला हात धरून उतरवलं, रिक्षावाल्याला परत पाठवलं आणि मामासमोर येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं.

"काय पाव्हणं," बाबा म्हणाले, "पाय कसा हाय?"

"हाय की, भावजी. तुमची इंजिनं कशी हायत?"

या विषयावर तासभर बोलणारे बाबा बॅग ठेवायला जागा शोधू लागले. आई लंगडत बाकावर जाऊन बसली. मी पिशवी तिच्या हातात दिली, तिनं ती मामाला दिली.

"कसा हायस?"

"बरा हाय. तू कशी हायस?"

"हाय बरी."

"भात?"

"ते मी इचारायचं. भात तुझा हाय."

"हां. हाय चांगला."

आणि बोलणं संपलं. दोघं शेजारी बसून राहिली. आईचा हात बाकाच्या कडेवर, खिडकीची दांडी धरल्यासारखा. इतक्या वर्षांत त्यांना एवढंच बोलायची सवय झाली होती, पुढचं काही कधी लागलंच नव्हतं. मला वाटलं, बसची घंटी वाजल्याशिवाय यांना उठतासुद्धा येणार नाही. मला रडू येत होतं.

बाबा रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. अंधार पडायच्या आत घरी न्यायला हवं होतं, खोपोलीकडून कर्जतची एसटी यायची वेळ झाली होती. बाबा एसटीची वाट बघताहेत, हे दृश्य मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दिवे दिसले. बाबा कमानीच्या पुढं गेले आणि त्यांनी हात केला. बस थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

नेमकं तेव्हाच मागं मामा म्हणाला, "बाय, आपली ती एका शिंगाची म्हैस आठवते काय गं?"

"आठवते म्हंजे? मला पाडली होती तिनं. तू झाडावर चढून हसत होतास."

"मी नव्हतो हसत. मी घाबरलो होतो."

"तू घाबरला होतास?" आई त्याच्याकडं वळून बसली.

बाबांनी मागं वळून बघितलं. मग ते कंडक्टरला म्हणाले, "जाऊं दे. न्या गाडी."

"बसायचं नव्हतं तर हात कशाला केलात?" कंडक्टर ओरडला. पुढंही बरंच काही बोलला. बाबांनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"त्यांचं बोलून व्हायचंय अजून," ते म्हणाले आणि पुढच्या बससाठी तिथंच उभे राहिले.