लोणंदचा उंच शेर

सकाळचे साडेनऊ. लोणंद, रेशनचे दुकान. दारात बायांची रांग. महायुद्ध चालू होते.

बातमीदाराकडे किस्से साठतात कसे? संपादक छापत नाहीत म्हणून! या शेराचे किस्से माझ्याकडे तेव्हापासून पडून आहेत.

त्या दिवशी दुकानदाराने धान्य मोजायचा जुना रुंद शेर बाजूला सारून नवा, उंच शेर काढला. पुढे हौसाबाई होत्या. नवरा पलटणीत, रानात त्या साली काही पिकले नव्हते, घरात चार तोंडे.

"आवं, ह्यो शेर बारका हाय!"

"बारका? चांगला तीन बोटं उंच हाय की!"

"उंच तर माजा दीरबी हाय. पोटात दीड भाकर मावत न्हाई!"

रांग हसली. दुकानदाराने त्यांचे रेशनकार्डच काढून घेतले. कार्ड नाही, तर ज्वारी नाही!

*

मी दोन्ही शेर बोटांनी मोजले. जुना आठ बोटे रुंद, सहा उंच. नवा सहा रुंद, नऊ उंच. पुरवठा कारकुनाला गाठले. कार्ड त्याच्याच ड्रॉवरमध्ये पोचले होते.

तो म्हणाला, "दोन बोटे कमी केली, तीन वाढवली. एक बोट जनतेचा फायदा!"

"अहो, रुंदी दोनदा गुणायची! आठ आठे चौसष्ट, सहा सक छत्तीस. मग उंचीने गुणा: तीनशे चौऱ्याऐंशीचे झाले तीनशे चोवीस! सहा शेरांमागे जवळजवळ एक शेर गायब आहे!"

"तुम्ही कॉलेजात गेलात, म्हणून तुम्हाला कमी दिसते!"

*

मग मामलेदार. दोन्ही शेर मी दुकानातून मागून आणले होते. हौसाबाईंनी जुना शेर काठाबरोबर भरला आणि त्यांच्या टेबलावर नव्यात ओतला. ज्वारी फायलींवर सांडली.

"बाई, तुम्ही जोरात ओतलेत."

"मग तुमी हळू वता, सायेब."

साहेबांनी हळू ओतले. पुन्हा सांडली!

"जुना शेर सदोष आहे. जप्त करा!"

"आन् माजं कार्ड?"

"चौकशी झाल्यावर."

*

पंधरा दिवसांनी सरकारी गोदामात लेव्हीची, म्हणजे शेतकऱ्याने सरकारला सक्तीने घालायची, ज्वारी घेणे चालू होते. हौसाबाईंच्या दिराचे रान पाटाच्या पाण्यावर पिकले, म्हणून त्याला लेव्ही. त्याच्याबरोबर त्याही आल्या होत्या, मागोमाग मीही. तोच कारकून मापे टाकत होता. हातात तोच जप्त केलेला रुंद शेर, काठाच्या वर ज्वारीच्या ढिगाची शीग लावलेली!

हौसाबाईंनी त्याचे मनगट धरले. "ह्यो चुकीचा हाय, असं सायेब म्हनलं हुतं न्हवं?"

"हात सोड! देताना चुकीचा. घेताना चालतो."

मी तो शेर हिसकावून उपडा केला. मग धावत दुकानात जाऊन उंच शेरही उपडा केला. दोन्हींच्या तळाशी खरे माप म्हणून एकाच कचेरीचा, एकाच सालचा शिक्का होता.

हौसाबाईंचे कार्ड अजून ड्रॉवरमध्येच होते.