मामाजींचे इंग्रज

माझ्या बायकोचे मामा हे अख्ख्या वर्धा जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांनी इंग्रजांना मनापासून माफ केलं होतं. अट एकच, इंग्रज मजूर असला पाहिजे. लाटसाहेब, कलेक्टर, कंपनीचे गोरे यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पण दीडशे वर्षांपूर्वी लँकेशायरच्या गिरणीत मजुरी कशी कापली गेली हे सांगताना त्यांचा घास हातातच राहायचा. मूळचे अल्लीपूरचे, शेतकऱ्याच्या घरातले, सातवी पास, आणि हिंगणघाटच्या एका कापडगिरणीत मागावर विणकर. ब्रिटिश कामगार संघटनांच्या इतिहासाचं एक जाडजूड, पुठ्ठा गेलेलं इंग्रजी पुस्तक त्यांना वर्ध्याच्या रद्दीवाल्याकडे सापडलं होतं. ते त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन सहा वर्षांत वाचून काढलं. इंग्रजी अक्षरओळख त्याआधीच झाली होती, मागांच्या लोखंडात ओतलेल्या विलायती गावांच्या नावांवरून. त्यामुळे गिरणीतल्या सोबत्याची ओळख करून देताना ते सहज म्हणत, "हा आमचा बर्नलीवाला." माग बर्नलीचा असे, बर्नलीवाला बिचारा नाचणगावचा असायचा.

आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मुलीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. तो बजावून हे तिच्या मागे उभे राहिले आणि भर मंगलाष्टकांत अंतरपाटावरून वाकून मला म्हणाले, "जावईबुवा, तुमी शाळेत इतिहास शिकवता म्हन्ते. डॉर्सेटच्या त्या सहा जनायचं काय झालं, सांगा बरं!" मी प्लासी ते चले जाव एवढाच इंग्रज शिकवणारा माणूस. घाबरून म्हणालो, "मेले असतील." त्यांचा चेहरा असा पडला की अक्षता मुठीतच राहिल्या. पंगत उठल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात बसवून सगळं सांगितलं. विलायतेतलं डॉर्सेट, अठराशे चौतीस साल. मजुरी कमी होत चाललेली. सहा शेतमजुरांनी एकमेकांना धरून राहायची शपथ घेतली, आणि एवढ्याच गुन्ह्यासाठी त्यांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला धाडलं. मग देशभर असा गलका झाला की सरकारला त्यांना माफी देऊन परत आणावं लागलं. ते सहा जण ज्या झाडाखाली जमत, ते झाड म्हणे अजून उभं आहे. "येकदा त्या झाडाखाली जाऊन बसाचं हाये मले," मामाजी म्हणाले. किती वेळ, असं मी विचारलं. "पंधरा मिंटं. मंग वापस येतो." हा माणूस नागपूरच्या पुढे कधी गेला नव्हता. पण पुढे आम्ही सगळे गिरडच्या टेकडीवर गेलो, की दर्ग्याहून उतरताना एखाद्या झाडाखाली ते डोळे मिटून बसत आणि आम्ही कुणी बोलायचं नाही असा दंडक असे. मामी शिदोरी सोडता सोडता हळूच म्हणत, "तिकडं गेले. येतीन आता."

लंडनच्या काडेपेटीच्या कारखान्यातल्या पोरींनी मालकाला कसं नमवलं, ही हकीकत त्यांनी एकदा मामींना फारच रंगवून सांगितली. दुसऱ्या दिवशी मामी सकाळपासून ओट्यावर येऊन बसल्या. चूल थंडगार. "आज काडी ओढनार नाई," एवढंच म्हणाल्या. मागणी रॉकेलच्या स्टोव्हची होती. मामाजींनी आधी अस्सल मालकासारखी टाळाटाळ केली, मग चर्चेची भाषा केली, आणि दोन दिवस कच्चे पोहे खाऊन तिसऱ्या दिवशी मला मध्यस्थ म्हणून बोलावलं. मी अर्थातच मामींच्या बाजूने निकाल दिला. संध्याकाळी मामाजी गल्लीभर पेढे वाटत हिंडत होते.

"काऊन पेढे, भाऊ?" शेजाऱ्याने विचारलं.

"संप जितला न!"

"मंग तुमी हरले ना?"

"हो न बाप्पा. पन संप जितला!"

चौऱ्याऐंशीत तिकडच्या कोळसाखाणींचा संप सुरू झाला आणि मामाजींचं घरावरचं लक्ष उडालं. लंडनहून येणाऱ्या हिंदी बातम्या ते रेडिओला कान लावून ऐकत. एके दिवशी त्यांनी आंघोळीच्या पाण्याची सिगडी उचलून माळ्यावर टाकली. "तिकडं ते उपाशी राहून राह्यले अन् मी इकडं कोयसा जाळू?" मामींनी कपाळावर हात मारला. "अवो, हा कोयसा बल्लारशाचा हाये! त्यायले काय कळते तुमी कोनता जाळता ते!" मामाजी म्हणाले, "मले कळते न." त्या हिवाळ्यात हिंगणघाटला हाडं फोडणारी थंडी पडली होती. रोज पहाटे मोरीतून त्यांची बोंब ऐकू आली की गल्ली समजायची, संप अजून चालू आहे.

वर्षभराने खाणकामगार हरले. मामाजी सकाळीच माझ्याकडे आले आणि दारातच उभे राहिले. "हरले, जावईबुवा." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, तर मला हाताने थांबवून म्हणाले, "पन वापस कसे गेले, मालूम हाये? बँड लावून गेले. झेंडे घेऊन, बाया संग घेऊन. मान खाली नाई केली येकानं." त्यांचे डोळे भरले होते. माझेही का भरले, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्याच साली मामाजींच्या गिरणीत संप झाला. एका विणकराने दोनाऐवजी चार माग चालवावे की नाही, यावरून. तीन महिने लोटले, बाहेरगावचे पुढारी यायचे थांबले, घरातले दाणे सरले. मग माणसं एकेक करून नदीकडच्या लहान दारातून कामावर जाऊ लागली, डबा दुपट्ट्याखाली लपवून. एका घरात राहणारे दोन भाऊ वेगवेगळ्या बोळांतून निघत. शेजारी शेजाऱ्याची नजर चुकवू लागला. मामाजींना हेच सोसेना. "हरन्याचं मले काई नाई," ते म्हणायचे, "पन चोरावानी काऊन जाव? जलमभर येकमेकायच्या तोंडाकडं पाहाचं हाये." सोमवारी सगळ्यांनी मिळून, चौकातून, मोठ्या फाटकाने आत जायचं, एवढंच त्यांचं मागणं. चार दिवस ते दारोदार फिरले. बहुतेक जण "पाहू" म्हणाले. फक्त लग्नाच्या बँडवाल्याने लगेच होकार दिला. लग्नसराई संपली होती, आणि त्याचा भाऊ सूतखात्यात होता.

सोमवारी सकाळी चौकात बँडवाले होते नऊ आणि कामगार चौदा. मी समोरच्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. "सुरू करू, का थांबू?" बँडवाल्याने विचारलं. मामाजींनी चारही रस्त्यांकडे पाहिलं. "सुरू कर," ते म्हणाले. त्या बँडला वरातीच्या चालींखेरीज काही येत नव्हतं. भलत्या दिवसांत कुणाची वरात निघाली म्हणून लोक दारात आले. आधी बाया उतरल्या, मामी सगळ्यांच्या पुढे. मग त्यांचे नवरे, मग शेजारचे. नदीच्या वळणावर लहान दाराकडे निघालेली मंडळी डबे घेऊन थिजून उभी होती. त्यातला एक मान खाली घालून मिरवणुकीच्या शेपटाला लागला. मग बाकीचे लागले. मामाजींनी बँड थांबवला, मागे गेले आणि त्यांना हाताला धरधरून पुढे आणलं. "मांगं काऊन? तुमी समोर चाला." ते दोघे भाऊही त्यात होते. पुन्हा बँड सुरू झाला तेव्हा धाकट्याने थोरल्याचा डबा धरला होता. फाटकापाशी चौकीदाराने रोजच्यासारखी नुसती दिंडी न उघडता दोन्ही दारं सताड उघडली.

त्याआधी, माझ्यासमोरून जाताना, मामाजींनी मला पाहिलं होतं. त्यांनी हात वर करून हाक मारली, "या, जावईबुवा!" मला आमच्या शाळेच्या संचालकांची आठवण झाली; गिरणीचे मालकही त्यांत होते. मी पायरीवरून हललो नाही. उगीच मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मामाजींचा हात लगेच खाली आला. आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेताने, माझी लाज राखायला, ते मामींना म्हणाले, "त्यायले शाळा हाये."

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं होते. पूर्वीसारखेच यायचे, चहा घ्यायचे, मँचेस्टरच्या गोष्टी सांगायचे. त्या सकाळबद्दल त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही. आता ते नाहीत. कधी रस्त्याने वरात जाते आणि मला फार वाटतं, त्यांनी पुन्हा एकदा तशीच हाक मारावी आणि मी उतरावं. माझी शाळा अकराला भरायची. तेव्हा घड्याळात सात वाजायला दहा मिनिटं होती, आणि हे मामाजींना पक्कं ठाऊक होतं.