टकटकचाचा आणि साहेबाची तुळई

आमचे टकटकचाचा कशावरही विश्वास ठेवण्याआधी त्यावर दोन बोटांनी वाजवून पाहत. कलिंगड, दरवाजा, नवी ट्रंक, काहीही. मग कान लावून निकाल देत, "भरीव" नाहीतर "पोकळ". रत्नागिरीकडचे हे सुतार दुबईत एका इंग्रज साहेबाकडे कामाला होते. साठच्या दशकात मी तिथे कारकून म्हणून गेलो, तेव्हा त्यांनीच मला आपल्या खोलीत जागा दिली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवी चौकटीत घालून नेली होती. चाचांनी तिच्यावरही टकटक केली. "काच बरी आहे, बीए. आतलं पुढे कळेल."

खाडीवरचा नावाडी हसून "यल्ला, हबीबी", म्हणजे 'चल, लाडक्या' म्हणाला, की चाचा पुटपुटत, "एवढा गोड का बोलतो हा?"

इंग्लंडमधलं साहेबाच्या वडिलांचं जुनं शेतघर पाडलं गेलं. त्यातली ओकची एक तुळई साहेबाने जहाजातून मागवली. इथल्या घराच्या दारावर ती बसवायची होती. त्याने त्या शेतघराचा फोटो दाखवला. काळ्या लाकडांचा सांगाडा, मधे काठ्या विणून वर माती-शेणाचं लिंपण.

"म्हणजे कुडाचं घर!" चाचा म्हणाले. "मग एवढा तोरा कसला?"

पण तुळई आली तेव्हा तिच्यावर सहा पाकळ्यांचं फूल कोरलेलं दिसलं, शेजारी डागल्याच्या खुणा. चाचांनी टकटकसुद्धा केली नाही. "भारलेलं आहे हे. मी नाही बसवणार."

साहेब भडकला. "शुक्रवारच्या आत बसली नाही, तर पुढच्या बोटीने घरी जा."

"पाठ धरलीय म्हणून साहेबाला सांगू का?" मी चाचांना विचारलं.

त्यांनी रोखून पाहिलं. "तू त्याचा माणूस की माझा? खोटं पकडलं गेलं तर जाणार मीच. आहे ते सांग."

मी साहेबाला खरं ते सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण त्याने त्या फुलावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, ही तुळई भिंतीतल्या शेगडीच्या वर होती. धुराड्यातून वाईट काही घरात उतरू नये, म्हणून जुन्या सुतारांनी ते फूल कोरलं.

खोलीवर येऊन मी हे सांगताच चाचा ताडकन उठून बसले. "म्हणजे त्यांनाही संशय होता! मग दारावर कशाला? इथे धुराडं नाही, पण छपरावर वारा खाली घरात घेणारा बुरूज आहे. वरून जे यायचं ते वाऱ्याबरोबर तिथूनच उतरणार."

साहेबाला ते पटलं. बुरुजाच्या तोंडाखाली तुळई बसली, तेव्हा चाचांनी तिच्यावर वाजवलं. "भरीव."

पुढे चाचा कायमचे गावी निघाले. बोटीच्या शिडीवर त्यांनी सवयीने टकटक केली, मग माझ्या छातीवर, आणि कान लावला. "भरीव," ते म्हणाले आणि वर चढले. बोटीचा भोंगा तेव्हा जोरात वाजत होता. त्यांना खरंच काही ऐकू आलं का, अशी शंका मला अजून येते.