मागे मागे सरकणारी सभा

पंचायत समितीवर निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात मी आमच्या पाड्यावर सभा लावली. समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या, डहाणूहून माईक आणवला, चहाला जास्तीचं दूध सांगितलं. तालुक्यात काय चाललंय, जिल्ह्यात काय ठरलंय, दिल्लीत कोणता कायदा झालाय, हे दर महिन्याला येऊन सांगेन असा शब्द मी प्रचारात दिला होता. निवडून आल्यावर ही तोंड दाखवत नाही, असं माझ्याबद्दल कोणी म्हणू नये एवढीच माझी इच्छा होती. सभेला माईकवाला आला. त्याचं भाडं ठरलं होतं, म्हणून त्याला यावंच लागलं.

मी चिडले. चिडायला मला फार काही लागत नाही, हे घरी आणि पंचायत समितीत सगळ्यांना ठाऊक आहे. साडी खोचून तशीच शेताकडे निघाले, कारण पाड्यातलं एकूण एक माणूस आवणीला गेलं होतं. राबातली रोपं उपटून, त्यांच्या मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरात लावायची म्हणजे आवणी. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या, अशी आमच्याकडे सगळ्या बायका मिळून लावतात.

"मी तिकडे माईक लावून बसलेय आणि तुम्ही इथे?" बांधावरूनच मी ओरडले.

आमच्या शेजारच्या वहिनीने मान वर केली नाही. तिचा नवरा वारून बरीच वर्षं झाली. स्वतःचं थोडं शेत ती पावसाळ्यात लावते, एरवी डहाणूकडच्या चिकूच्या वाडीत मजुरीला जाते. "तुला बोलायचा आहे तर चिखलात ये," ती म्हणाली. "वाकून बोल. आमचा हात थांबायचा नाय."

आमच्याकडे सगळ्यांना तूच म्हणतात. कलेक्टर आला तरी त्याला तू. मेंबर झाले म्हणून मला कोणी तुम्ही म्हणेल या आशेवर मी नव्हतेच. चपला बांधावर काढल्या आणि उतरले.

अशी माझी सभा सुरू झाली, ती आजतागायत तशीच चालते. आवणीत माणूस पुढे जात नाही, मागे मागे सरकतो. बायका एका रांगेत वाकतात, पुढ्यात रोपं लावतात, एक पाऊल मागे टाकतात. बोलणारीलाही तेच करावं लागतं, नाहीतर तिची ओळ मागे राहते आणि सगळ्या हसतात. वाकल्या पोटातून लांब वाक्य निघत नाही. 'सन्माननीय' आणि 'याप्रसंगी' हे शब्द माझ्या बोलण्यातून पहिल्याच दिवशी चिखलात गळून पडले. आमच्या सभागृहातल्या काही जणांना एकदा आवणीला न्यावं असं मला फार वाटतं.

आणि प्रश्न काय विचारायच्या! बंदराचं काय ठरलं, त्या वेगवान गाडीचे खांब झाले, मग गाडी कुठे आहे, रेशनला अंगठा का लागत नाही. दिल्लीच्या सभेत बायकांसाठी जागा राखायचा कायदा झालाय, पण आधी देशातली सगळी माणसं मोजायची, मग मतदारसंघ आखायचे, मग कुठे जागा मिळायच्या, असं मी सांगितलं, तर रांगेच्या टोकाची एक पोक्त बाई म्हणाली, "मग मोज ना लवकर! पण आमच्याकडे दिवाळीच्या आधी ये. नंतर आम्ही वीटभट्टीवर. रिकामी घरा मोजून काय मिळेल?" हा मुद्दा मी तस्साच उचलला, तालुक्याच्या बैठकीत मांडला आणि स्वतःच्या नावावर खपवला. पुढच्या खेपेला शेतात तेही सांगून टाकलं. तिला एवढा आनंद झाला की घरी गेल्यावर तिने मला काकड्या पाठवल्या.

पण आमच्या पाड्याची खरी गोष्ट दिल्लीत नव्हती, पाड्याखालच्या ओढ्यात होती. पाडा अलीकडे, गंजाडचा रस्ता आणि हायस्कूल पलीकडे. पावसात पोरं दप्तर डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून जायची. पाणी वाढलं की जायचीच नाहीत. वहिनीची मुलगी तेव्हा आठवीत होती. मोठी हुशार, तोंडाळही तेवढीच. वहिनी मला एकदा म्हणाली, "या साली, पुढल्या साली कशी तरी जाईल. दहावीला पण असा झाला तर नाय पाठवायची. वाडीत येईल माझ्याबरोबर चिकू वेचायला." ती रागाने म्हणाली नव्हती, ठरवून म्हणाली होती. त्यामुळे मला जास्त लागलं. पोर दहावीत जायच्या आत ओढ्यावर साकव, म्हणजे लहान पूल, बांधून देते, असा शब्द मी तिला दिला.

डहाणूच्या कचेरीत मी इतक्या चकरा मारल्या की टमटमवाला मला बघितलं की न विचारता गाडी थांबवायचा. अखेर साकव मंजूर झाला. चैत्रात विवळवेढ्याच्या जत्रेत, महालक्ष्मीच्या दर्शनाच्या रांगेतच मी ही बातमी पाड्यातल्या बायकांना सांगितली. मागचे लोक आम्हाला पुढे सरका म्हणून ओरडत होते आणि आम्ही तिथेच एकमेकींना मिठ्या मारत होतो.

मग डोकरा आडवा आला. आमच्याकडे म्हाताऱ्याला डोकरा म्हणतात, त्यात अपमान नाही. पाड्यात कनसरीची, म्हणजे आमच्या धान्यदेवीची, पूजा तोच करतो. मी पाड्याची सून, म्हणून त्याला बाबा म्हणते. साकवाचं अलीकडचं टोक नेमकं त्याच्या शेताच्या कोपऱ्यात उतरत होतं. जमीन द्यायला त्याची ना नव्हती.

"जागा घे," तो म्हणाला. "पण भात उभा असताना माझ्या शेतात कोणाचा पाय पडायचा नाय. कापणी झाली की घे."

"मग या वर्षी तेवढा कोपरा लावूच नको, बाबा."

"कोपरा मोकळा ठेवू? आणि कनसरीला काय सांगू? तुझी जागा मेंबरणीला दिली?"

त्याचं भात गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं. दिवाळी उलटल्याशिवाय त्याला विळा लागत नाही. इकडे इंजिनिअर साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की पाऊस उघडल्याबरोबर, दसऱ्याच्या सुमाराला काम सुरू झालं नाही तर हा निधी दुसऱ्या गावाला जाईल. मी बाबाच्या अंगणात तीनदा जाऊन बसले. तिन्ही वेळा त्याने मला कोरा चहा पाजला आणि तेच उत्तर दिलं.

आवणी लागली. त्या दिवशी वहिनीच्या शेतात लावत होतो. तिचं शेत आणि बाबाचं शेत लागून आहे, मध्ये एकच बांध. त्या दिवशी दिल्लीचं, जिल्ह्याचं काही मला सुचलंच नाही. मी वाकले आणि जे सुरू झाले ते डोकऱ्यावरच. निधी जाणार, साकव जाणार, पोर घरी बसणार आणि हा माणूस मला देवीची भीती घालतो! बायकाही पेटल्या. कोणी म्हणे त्याच्या मुलाला गाठ, कोणी म्हणे त्याच्या बहिणीला तलासरीहून बोलावून आण, तो तिचंच ऐकतो. एक म्हणाली डोकऱ्याचं बरोबर आहे, आणि मग तर नुसता कालवा. बोलणं चढलं तसे हातही चढले. एवढ्या वेगाने आम्ही कधीच लावलं नसेल. रोप, पाऊल मागे, रोप, पाऊल मागे.

लावताना कोणी मागे वळून बघत नाही. टाचेला बांध लागला की कळतं, शेत संपलं. त्या दिवशी टाचेला बांध लागलाच नाही.

"थांबा गं," वहिनी एकदम म्हणाली.

आम्ही सरळ झालो. पावसाने त्या बाजूचा बांध फुटून वाहून गेला होता, दोन्हीकडचं पाणी एक झालं होतं, आणि आम्ही भांडत भांडत वहिनीचं शेत संपवून बाबाच्या शेतात शिरलो होतो. त्याने कालच चिखल करून ठेवलेल्या कोपऱ्यात वहिनीची रोपं ओळीने उभी होती. आणि कोपरा तोच. साकवाचा. अर्धा लावून झालेला.

पलीकडच्या बांधावर काळी छत्री घेऊन डोकरा उभा होता. आमचं किती ऐकलं असेल देव जाणे.

आधीच जो माणूस कोपरा सोडत नाही, त्याच्या कोपऱ्यात आम्ही दुसऱ्याचं भात लावून ठेवलं! मी घाईघाईने वाकले आणि पहिलं रोप उपटायला हात घातला.

"हात काढ!" तो असा गरजला की ओढ्यावरचे बगळे उडाले. "लावलेला भात उपटते? कनसरी उभी राहिली तिथे."

मी हात काढला. मग त्याने विचारलं, "कोणाचा आवण हा?"

"माझा," वहिनी म्हणाली. आणि मग, काहीतरी सुचल्यासारखी, मोठ्याने, "बाबा, माझा भात हळवा आहे!"

हळवं म्हणजे लवकर पिकणारं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मला समजायला वेळ लागला, कारण मी अजून रागातच होते. वहिनीने माझा दंड धरून हलवला. "अगं, हळवा! दसऱ्याला कापायला येईल. कोपरा मोकळा!"

जमीन पडीक राहिली नव्हती, देवीला उठवलं नव्हतं, उभ्या भातावर कोणाचा पाय पडणार नव्हता. आता नाही कशाला म्हणायचं ते डोकऱ्याला सापडेना. मग म्हणाला, "अर्धा कोपरा काय ठेवता? पुरा करा." जायला वळला आणि परत थांबला. "आणि मेंबरीण, कापायला तू यायचा. विळा घेऊन. फोटोवाला नाय आणायचा."

वहिनी सांगते, छत्रीआड तो हसत होता. मी पाहिलं नाही, माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

साहेबांना मी शेतातूनच फोन लावला. हात चिखलाचे, फोन वहिनीच्या मुलीने माझ्या कानाला धरला. "साहेब, कोपऱ्यात हळवं लागलंय!" साहेब घाटावरचे, त्यांना वाटलं मला काहीतरी लागलंय, दवाखान्यात जा म्हणाले. सगळं समजावल्यावर म्हणाले, दसऱ्याला कोपरा दाखवा, मशीन पाठवतो.

त्यानंतर मी त्या कोपऱ्याला जेवढं जपलं तेवढं माझ्या पोरांनाही जपलं नसेल. डहाणूहून आले की घरी जायच्या आधी बांधावर. "मेंबरीण भाताला भाषण देते," असं बायका म्हणायच्या. बाबाचं बाकीचं शेत हिरवंगार असताना तो कोपरा तेवढा पिवळा पडायला लागला. नवरात्रात पाऊस आला. भात आडवं झालं तर, या धसक्याने मी छत्री घेऊन बांधावर उभी राहिले आणि आभाळाला नावं ठेवली. भात आडवं झालं नाही.

दसऱ्याला बाबाने पूजा केली. मी विळा घेतला आणि इतकं वाकडं कापलं की अख्खी रांग हसून बेजार झाली. कापणीत माणूस पुढे सरकतो. मी उगाच बढाई मारली की आज माझी सभा पहिल्यांदाच पुढे चाललीय, तर डोकरा म्हणाला, आधी विळा नीट धर. भात बाबाने आणि वहिनीने निम्मं निम्मं वाटून घेतलं. नव्या तांदळाचा भात बाबाच्या अंगणात शिजला, आणि चुकून का होईना, लावायला जितक्या जणी होतो तितक्या सगळ्या पंगतीला बसलो. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी मशीन आलं.

उन्हाळ्यात साकव झाला. मोठी माणसं आली, फीत कापली, हार झाले. मी पण भाषण केलं, चांगलं झालं असं सगळे म्हणाले. आता त्यातला एकही शब्द आठवत नाही.

पुन्हा आवणी लागली. आम्ही वहिनीच्याच शेतात. बाबाही आता सभेला येतो, छत्री घेऊन बांधावर उभा राहतो आणि सगळ्यांत जास्त प्रश्न तोच विचारतो. त्या सकाळी ओढा नुसता गरजत होता, मला घसा ताणून बोलावं लागत होतं. मोजणीचं काय झालं ते मी सांगत होते. मोबाईलमध्ये कशी माहिती भरतात, घर कसं लिहितात, असं मी रंगात येऊन सांगत असताना माझ्या शेजारची ओळ मागे राहिली. बघितलं तर वहिनीचा हात थांबला होता.

इतक्या वर्षांत लावताना तिचा हात थांबलेला मी पाहिला नव्हता. ती सरळ उभी होती, मूठ तशीच हातात, आणि साकवाकडे बघत होती. साकवावरून तिची मुलगी शाळेत निघाली होती. गणवेश, पाठीवर दप्तर, खाली तांबडं पाणी दोन्ही काठ भरून. मधोमध येऊन ती थांबली, कठड्याला धरून एक पाय उचलला आणि आम्हाला बूट दाखवत ओरडली, "आये! कोरडा!"

एकेक करून सगळ्यांचे हात थांबले. माझं वाक्य अर्ध्यात तुटलं आणि मला अजिबात राग आला नाही. आम्ही हसत होतो, वहिनी रडत होती, मग मीही रडले. दहावीची पोर दुसराही बूट दाखवून, पलीकडे उतरून, गंजाडच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली.

"बस झाला," बांधावरून डोकरा म्हणाला. त्याने छत्री तोंडापुढे घेतली होती. "मोजणीचा काय झाला ते सांग."

वहिनीने डोळे खांद्याला पुसले, मुठीतलं पुढचं रोप सोडवलं आणि वाकली.