चुलीजवळचा ड्रम

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. तेलंगणातल्या भीमपूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावात आशा कार्यकर्ती चंचल यशवंतरावांच्या स्वयंपाकघरात उकिडवी बसून निळ्या ड्रममध्ये टॉर्च मारते आहे. बाहेर आठ अंश. अंगणातल्या टाक्यात तिला एकही अळी सापडली नाही. इथं मात्र पाणी वळवळतं आहे.

यशवंतराव किराणा दुकानदार आणि गावातले स्वयंघोषित हवामानतज्ज्ञ. थंडी पडली की डास मरतात, हा त्यांचा सिद्धांत. पुरावा म्हणजे स्वतःची कानटोपी. दिवाळीनंतर या गावात ड्रम अंगणातून चुलीजवळ येतो, त्याला पोती गुंडाळतात आणि होळीपर्यंत तो कुणी घासत नाही. पहाटे हात गारठू नयेत, एवढ्यासाठी. रोज वरचं पाणी काढायचं, नवं ओतायचं. गार पाण्यात अळीची वाढ खुंटते. उबेत दहा दिवसांत डास उडतो. डेंग्यूचा डास चावतो दिवसा, आणि दुपारी इथं अजून तीस अंश असतात. यशवंतराव थंडी मोजतात ती पहाटेची.

"काऊन तपासून राह्यली? मच्छर थंडीत मरते," ते दारातून म्हणाले.

"बाहेरचे मेले, काका. हे तुमी पाळलेले आहेत."

"सुनेले साधा ताप हाये. हवा बदलली."

"चार दिवस झाले, हवा बदलूनच राह्यली का?"

सून रंजीता, सातवा महिना, आतल्या खोलीत झोपून होती. तिच्या रक्ताचा रिपोर्ट आदल्या संध्याकाळीच आला होता. यशवंतरावांनी तो दुकानात तेलाच्या डब्याखाली दाबून ठेवला. बोभाटा झाला तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. चंचलच्या फोनवर आरोग्य केंद्रानं पाठवलेला तोच रिपोर्ट होता. तिनं तो मोठ्यानं वाचला. डेंग्यू. प्लेटलेट साठ हजार.

रंजीता भिंत धरून दारात आली. "मले काऊन नाई सांगितलं, मामाजी?"

यशवंतरावांनी ड्रमकडे पाहिलं. "एवढं पाणी फेकाव लागन काय?"

चंचलनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ड्रम अंगणात ओढून उलटवला आणि आतून घासला, कारण अंडी पाण्यात नसतात, कडेला चिकटलेली असतात. पावणेनऊला रंजीता आदिलाबादच्या दवाखान्याकडे निघाली. यशवंतराव दुकान उघडायला गेले, कानटोपीसह.

उद्या सकाळी सहाला रंजीताच्या प्लेटलेट पुन्हा तपासतील. सात वाजून दहा मिनिटांनी चंचल हाच ड्रम बघायला येईल. तिच्या यादीत पहिलं घर हेच आहे.